फॉरमॅट मारण्याआधी: घरचा कॉम्प्युटर अडून बसला तर कुठून सुरुवात करायची

"फॉरमॅट मारावं लागेल." जळगाव असो, धुळे असो की शहादा, बिघडलेला कॉम्प्युटर उचलून नेला की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं. दोन तासांत नवीन विंडोज टाकून मिळते, मशीन पळायला लागतं, आपणही खूश होऊन घरी येतो. मग महिन्याभरात बिघाडाचा तोच निळा पडदा पुन्हा दिसतो, कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो विजेत होता, उष्णतेत होता, नाहीतर मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमध्ये होता. तोवर मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, दुकानाच्या उधारीची एक्सेल आणि लग्नाचे फोटो पुसले गेलेले असतात.

ज्यांनी कॅबिनेटचं झाकण कधी उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विंडोज १० आणि ११ धरून. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. ज्यानं काही बिघडत नाही ते आधी करायचं, ज्यानं काही पुसलं जातं ते सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅमही (मेमरीची पट्टी) काढली, ड्रायव्हरही (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकला, अँटिव्हायरसही बदलला आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे सुरू झालं हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून.

वही घ्या, मोबाइल घ्या

स्क्रीनवर जे काही आलं असेल त्याचा फोटो काढा. निळ्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात एक कोड असतो, तो सगळ्यात कामाचा. (२०२५ मधल्या अपडेटपासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झालाय, पण कोड तसाच असतो.) त्यात 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द असतील तर पहिला संशय रॅमवर. 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर डिस्क, तिची केबल, किंवा बायोसमधली (विंडोजच्याही आधी चालणारं मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) डिस्कची सेटिंग. कोडमध्ये एखाद्या फाइलचं नाव असेल आणि त्याच्या शेवटी एस-वाय-एस ही अक्षरं असतील, तर ती बहुधा ड्रायव्हरची फाइल असते. ते नाव शोधलं की ग्राफिक्सचा, वायफायचा की प्रिंटरचा ड्रायव्हर, हे लगेच समजतं.

मग वहीत दोन गोष्टी लिहा. त्रास सुरू होण्याच्या आधी काय बदललं? नवा प्रिंटर, अपडेट, कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेलं सॉफ्टवेअर. आणि त्रास कधी होतो? दुपारीच होतो का? कूलर किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की होतो का? हा दुसरा प्रश्न आपल्या भागात पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे.

विंडोजमध्ये अशी एक वही आधीच लिहिलेली असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांच्या रांगेत लाल फुल्या दिसतील. ज्या दिवशी पहिली फुली आली, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय बसवलं गेलं ते तिथंच खाली लिहिलेलं असतं. नव्या माणसासाठी याच्याइतकं सोपं आणि उपयोगी साधन विंडोजमध्ये दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी वीज, ऊन आणि धूळ

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा धाब्याच्या खोलीत दुपारी पंखाही गरमच हवा फेकतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि त्यानंही भागलं नाही तर मशीन एकदम बंद करतो. माणसाला वाटतं विंडोज स्लो झाली, व्हायरस आला. सकाळी सहाला चांगला चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला अडकत असेल, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी झाकण उघडा.

उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद, वायर काढलेली, आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून आत उरलेली वीज संपवलेली. मग एकदा उघड्या धातूला हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आत प्रोसेसरवरचा पंखा दिसेल, त्याच्याखाली अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी. आपल्याकडं भाव वाढेल म्हणून कापूस घरातच रचून ठेवतात. त्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये या जाळीवर धुळीत कापसाचे तंतू मिसळून पातळ नमद्यासारखा थर बसलेला असतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा जाळीतून आरपार जातच नाही. कोरड्या मऊ ब्रशनं तो थर सोडवा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होतो. ओलं फडकं अजिबात नको. मशीन चार-पाच वर्षांचं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता जाळीकडं नेणारा लेप) वाळलेली असते. ती बदलणं कठीण नाही, पण पहिल्यांदा जाणकाराच्या समोर करा. हे सगळं मार्चमध्येच उरकलेलं बरं.

आता वीज. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराच्या वायरिंगला अर्थिंग नाही, किंवा प्लगची तिसरी पिन कुणीतरी तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलीय. हे अंगावर काढू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. यात कॉम्प्युटरच्या आधी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही, तो रीस्टार्ट होतो. स्विच यूपीएसवर करा. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस असेल आणि त्याची बॅटरी जुनी झाली असेल, तर लाइट जाताच मशीन धाडकन बंद पडतं. विंडोज डिस्कवर काही लिहीत असताना अशी मधेच वीज गेली की सिस्टीमच्या फाइली अर्धवट राहतात. पुढं सांगितलेले निम्मे उपाय या अर्धवट फाइली दुरुस्त करण्याचेच आहेत.

दुरुस्तीआधी सामान बाहेर काढा

मशीन कसंबसं का होईना, सुरू होत असेल तर आजच कॉपी करून घ्या. लोक म्हणतात, "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे." पण डेस्कटॉपवर ठेवलेलं, डाउनलोड्समध्ये उतरलेलं आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं सी ड्राइव्हलाच असतं. फॉरमॅटमध्ये पहिलं तेच जातं. शिवाय डी ड्राइव्ह हा बहुतेक घरांत त्याच डिस्कचा दुसरा तुकडा असतो. डिस्क मेली की दोन्ही गेले. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

फोटो आणि कागदपत्रं तर घ्यालच, पण पुढच्या चार गोष्टी हमखास विसरल्या जातात. टॅलीचा डेटा फोल्डर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर. आणि मराठी फॉन्ट. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले असतील, तर नव्या विंडोजवर त्या फाइली उघडताच अगम्य इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल शाबूत असते, फॉन्ट गेलेला असतो. म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवा.

विंडोज सुरूच होत नसेल तरीही बऱ्याचदा फाइली काढता येतात. पुढं 'सेफ मोड'च्या भागात सांगितलेल्या रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावरून 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर करा. साधं नोटपॅड उघडेल. त्याच्या फाइल मेनूतून 'ओपन' दाबा आणि खाली टेक्स्ट फाइल्सऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा. आता या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात. हवं ते फोल्डर राइट क्लिक करून कॉपी करा आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. इथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी तिथं डी म्हणून दिसेल, घाबरू नका. कॉपी होताना हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा. कॉपी चालू असते.

एक अपवाद. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलेलाही डेटा जातो. डेटा खरोखर मोलाचा असेल तर ती डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

नेमकं कुठं अडतं ते ओळखा

"भाऊ, चालूच व्हस नई" एवढ्यावर निदान होत नाही. चालू न होण्याच्या निरनिराळ्या जागा आहेत.

दिवाच लागत नाही, पंखाही फिरत नाही: सॉकेट, वायर, यूपीएस, मग एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). विंडोजचा इथं काहीच संबंध नाही.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, कदाचित बीप वाजतात: बहुधा रॅम. वीज काढून रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून बाहेर काढा. तिच्या सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुसा फुंकून नव्हे, ब्रशनं झाडा, आणि खिटकन आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. पावसाळ्यानंतर हा प्रकार जास्त दिसतो.

चालू होतो, पण तारीख दरवेळी जुनी दाखवतो: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतो. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आणि विद्यापीठाची साइट उघडत नाही, अशा वेळी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून आधी त्यांचेही फोटो काढून ठेवा.

कंपनीचा लोगो येतो, गोल फिरत राहतं, पुढं जात नाही: इथून खरी विंडोजची हद्द सुरू होते.

सेफ मोड

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठते. तिथं मशीन नीट चाललं, तर मूळ विंडोज ठीक आहे आणि नंतर बसवलेलं काहीतरी त्रास देतंय, हा मोठा निष्कर्ष हाती येतो. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळ ठप्प झाले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल डिलीट करायची. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

तिथं असं जायचं:

१. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या मेनूतून 'रीस्टार्ट' निवडा.
२. सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीन वेळा केलं की विंडोज आपणहून रिकव्हरीचा पडदा दाखवते.
३. 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट'.
४. यादी आली की ४ दाबा. इंटरनेट हवं असेल तर ५.

यातच कधी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणजे डिस्क बिटलॉकरनं (विंडोजची डिस्कला कुलूप लावण्याची सोय) कुलूपबंद आहे. नव्या लॅपटॉपमध्ये हे बऱ्याचदा तुम्हाला न विचारताच सुरू झालेलं असतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात मोबाइलवरून लॉगिन केलं की तिथं ही की सापडते. लॅपटॉप दुकानदारानं सुरू करून दिला असेल तर खातं कुणाच्या ईमेलचं आहे हे आजच विचारून घ्या. ही की नसेल तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही.

सेफ मोडमध्ये गेल्यावर वहीत लिहिलेला शेवटचा बदल मागे घ्या: नवं सॉफ्टवेअर काढा, ड्रायव्हर 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीचा परत आणा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. आणि 'सिस्टीम रिस्टोअर'मध्ये जुना बिंदू (विंडोजनं आधी साठवून ठेवलेली स्थिती) सापडला तर तो वापरून बघा. त्यानं तुमचे फोटो-फाइली जात नाहीत. मात्र बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंदच असते, म्हणून मशीन ठीक असताना ती चालू करून ठेवायची.

मोडलेल्या फाइली दुरुस्त करणं

मशीन सुरू होतं, पण स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज मिटून जातात, अपडेट अडकतं. अशा वेळी स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' घ्या. पुढच्या दोन आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहायच्या.

पहिली: डिस्म, स्पेस, स्लॅश लावून ऑनलाइन, स्पेस, स्लॅश लावून क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश लावून रिस्टोअरहेल्थ. डिस्मची अक्षरं डी, आय, एस, एम. क्लीनअप आणि इमेजमध्ये आडवी रेघ, रिस्टोअर आणि हेल्थ जोडून. यासाठी इंटरनेट लागतं. बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबतं, खिडकी बंद करू नका.

ती पूर्ण झाली की दुसरी: एस, एफ, सी, स्पेस, स्लॅश लावून स्कॅननाऊ, तेही जोडून. शेवटी उत्तर येतं. काहीच बिघाड नाही म्हणाली तर फाइलींचा विषय संपला, कारण दुसरीकडं शोधा. बिघाड सापडून दुरुस्त झाला तर रीस्टार्ट करा. काही दुरुस्त झालं नाही म्हणाली तर रीस्टार्ट करून पुन्हा एकदा चालवा.

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं तर शटडाउन केल्यावरही सिस्टीमचा गाभा डिस्कवर तसाच साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणून रोज रात्री बंद करूनही जुनी अडचण सकाळी तशीच असते, आणि एका रीस्टार्टनं सुटते.

नुसताच स्लो असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात काही न करताही कायम १०० टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोन शक्यता: डिस्क मरतेय, किंवा आजच्या विंडोजला ती पुरतच नाही. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. निळं 'गुड', पिवळं 'कॉशन', लाल 'बॅड'. पिवळं दिसलं तरी डिस्क बदलायचीच. त्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली तर जुना लॅपटॉपही ओळखू येत नाही इतका बदलतो. घरच्या कॉम्प्युटरवर खर्च करण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे, महागडं अँटिव्हायरस नव्हे. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर पुरेसं आहे, आणि दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर तेच एकमेकांशी भांडून मशीन अडवतात.

डिस्क चांगली असेल तर 'स्टार्टअप अॅप्स'मध्ये जाऊन जे ओळखीचं आणि नको असलेलं आहे ते बंद करा.

आणि स्क्रीनवर भोंगा वाजवत "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर कधीच दाखवत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कुणी एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचं मशीन दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर) घ्यायला लावून पैसे काढले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता फॉरमॅट

इतकं करूनही सुटलं नाही तर आधी 'रीसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' पर्याय घ्या. सॉफ्टवेअर जातात, फाइली राहतात. तेही जमलं नाही तरच कोरी विंडोज. त्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. कुणाच्याही पेन ड्राइव्हवरची 'क्रॅक' विंडोज घेऊ नका. फुकट अॅक्टिव्हेट करून देणाऱ्या त्या छोट्या फाइली चालवायच्या तर अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि दार उघडं राहतं ते तिथंच. त्याच मशीनवरून तुम्ही बँक वापरता.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसर यादीतला हवा. जुन्या मशीनमध्ये हे बसत नसेल आणि काम फक्त ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओचं असेल, तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम बघा. पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर वही सोबत न्या आणि देण्याआधी हे ठरवून घ्या: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही, डिस्कची तब्येत मला स्क्रीनवर दाखवायची, बदललेला जुना भाग मला परत द्यायचा. बिलावर नव्या भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच लागतो.